शिकवणीविषयी

सांगली, ६ नोव्हेंबर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संगीत नाटकाच्या दौऱ्याचे प्रयोग चालू असतानाच पुण्यात गाण्याची शिकवणी सुरू करावी का, असे तू विचारतेस. आणि शिकवणे हे रंगमंच सुटल्यानंतरचे काम आहे असे तुझे सहकलाकार म्हणतात, हेही लिहितेस. काल रंगभूमी दिन होता. भावे नाट्यमंदिरातून परत येताना मी याच वाक्याचा विचार करीत होते.

भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळींत गात असत. वयात येताना त्यांचा आवाज फुटला आणि कंपनीतले त्यांचे स्थान गेले; पण पुढे अनेक उस्तादांकडे शिकून ते थोर गवई झाले आणि १९१६ साली रंगमंचावर आलेल्या 'स्वयंवर' या संगीत नाटकाच्या पदांना त्यांनीच चाली दिल्या. ती पदे अजरामर करणारे बालगंधर्व आपल्या जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, आणि त्यांना अभिनयाची तालीम देणारे गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे. देवलांएवढा नाटककार तालीम मास्तर म्हणून उभा राहत होता, हे तुझ्या सहकलाकारांना अवश्य सांग.

माझ्या चौतिसाव्या वर्षी, घसा बसलेला असताना, मला एका दिवसात दोन प्रयोग करायला लावले होते. कोणी लावले हे आता महत्त्वाचे नाही. मी नकार दिला नाही, हे मात्र मला आजही सलते. स्वरतंतूंवर गाठी आल्याचे निदान झाले आणि कित्येक आठवडे मी घरात पाटीवर लिहून बोलत होते. तू तेव्हा चार वर्षांची होतीस. तुला अक्षरे येत नव्हती म्हणून तू पाटी पुसून टाकत असस. गाठी गाण्याने आल्या असे मी समजत होते. पुढे शिकवू लागल्यावर एक मुलगी संवाद गळा आवळून, ओरडून म्हणत असे आणि त्याच ताणलेल्या गळ्याने लगेच पदाचा पहिला सूर घेत असे. तिचे ऐकताना माझे दुखणे मला प्रथम समजले. ते गाण्यात नव्हते, गद्यात, म्हणजे संवाद म्हणण्यात होते. मी दहा वर्षे आधी शिकवू लागले असते, तर हा दोष दुसऱ्याच्या गळ्यात वेळेवर ऐकला असता. म्हणून शिकवणी आत्ताच सुरू कर. फक्त प्रयोगाच्या दिवशी ती घेऊ नकोस.

तू काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा धरून गातेस म्हणून प्रत्येक मुलीला काळी चार देऊ नकोस. तिचा खालचा पंचम आणि वरचा मध्यम सहज लागतो का, हे पाहून तिचा षड्ज, म्हणजे सा, ठरव. पदाआधीचे दोन-तीन संवादही तिच्याकडून म्हणवून घे. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आवाज चिरकतो म्हणून शिकवणी सोडू लागला, तर त्याला सोडू देऊ नकोस. सूर खाली आण, तार सप्तकाचा, म्हणजे वरच्या सुरांचा, आग्रह धरू नकोस, तालाचे आणि शब्दोच्चारांचे काम करून घे, आणि नवा आवाज स्थिर होईपर्यंत वाट पाहा. भास्करबुवांना कंपनीत असा धीर कोणी दिला असता तर, असे माझ्या मनात नेहमी येते.

तुझा तंबोरा मिरजेला सतारमेकर गल्लीत जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून नाद नीट करण्यासाठी, दिला होता, तो आला आहे. शिकवणीला तोच ने. पुढच्या प्रयोगानंतर दोन दिवस मोकळे ठेवून ये.

तुझी,
आई