अपवाद विचारलास का?

चि. ओवी,

अनेक आशीर्वाद.

काल तू निघालीस तेव्हा मी दारापर्यंतही आले नाही. ते मनाला लागून राहिलंय. तुझी निळी वही टेबलावरच राहिली होती. न विचारता उघडली, माफ कर, आणि डोस सुचवणाऱ्या सिस्टिमचे नियम लिहिण्यासाठी डॉक्टरांना विचारायचे तुझे प्रश्न वाचले. चांगले आहेत. खरंच चांगले. रिपोर्टात ते आधी काय बघतात, कुठल्या आकड्याला डोस निम्मा करतात, कधी औषधच बदलतात. एकोणचाळीस प्रश्न. पण "हे तुम्ही कधी करत नाही?" असा एकही नाही.

झालं, पुन्हा तेच. या पत्रात अपवादांचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले होते.

तू म्हणालीस, आई, जाणत्यांना विचारून नियम लिहायची तुमची साधनं तुमच्याबरोबर संपली, आता केसेस दिल्या की यंत्रच नियम काढतं. ते खोटं नाही. मिखाल्स्की आणि चिलाउस्की यांनी 1980 मध्येच सोयाबीनच्या 15 रोगांवर ते दाखवून दिलं होतं. उदाहरणांवरून यंत्राने काढलेले नियम तज्ज्ञाने सांगितलेल्या नियमांपेक्षा अचूक निघाले. पण पानावरच्या कोणत्या खुणा नोंदवायच्या, हे माणसांनीच ठरवलं होतं ना? तुझ्या डॉक्टरांनी केसपेपरावर जे कधी लिहिलंच नाही, ते यंत्र कुठून आणणार?

क्रिएटिनिनचंच घे, मूत्रपिंड कसं चाललंय ते ज्या रक्ततपासणीवरून बघतात ते. वय झालेली, हाडं वर आलेली बाई. तिचं क्रिएटिनिन नॉर्मल येतं, कारण अंगात स्नायूच उरलेले नसतात. मूत्रपिंड मात्र थकलेलं असतं. जाणता डॉक्टर खाटेजवळ उभा राहतो, तिच्याकडे बघतो आणि डोस उतरवतो. तू विचारलंस तर सांगेल, "मी क्रिएटिनिन बघून ठरवतो." तो मनापासून खरं बोलत असतो. आपण तिच्या मनगटाकडे बघितलं, हे त्याच्या लक्षातच आलेलं नसतं. आणि तू वहीत लिहिशील: क्रिएटिनिन नॉर्मल, तर पूर्ण डोस.

मला झोप लागत नाही ती याने.

नुसत्या आवाजावरून मशीन ओळखणाऱ्या आप्पांचं तुला थोडं ठाऊक आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की कुठलं बेअरिंग जाणार ते सांगून मोकळे. जाणत्याचं ज्ञान नियमांत उतरवायचं माझं पहिलं काम त्यांच्यावरच होतं. अकरा दिवस मी विचारत होते, "कसं कळतं?" आणि ते म्हणत होते, "कळतं." बाराव्या दिवशी रेपर्टरी ग्रिड काढली, म्हणजे गोष्टींमधले फरक मांडायचा तक्ता. जॉर्ज केली या मानसशास्त्रज्ञाने 1955 मध्ये मांडलेली ती पद्धत माणसं एकमेकांकडे कशी बघतात हे समजून घेण्यासाठी होती. पुढे बोइंगमध्ये जॉन बूझ यांनी तिच्यावरून तज्ज्ञांना प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम केला. तीन चिठ्ठ्यांवर तीन मशिनं लिहून आप्पांपुढे ठेवली. म्हटलं, यांतली कुठली दोन सारखी आणि तिसरं वेगळं कशाने? आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही दोन रडतात. तो खोकतो." त्या संध्याकाळी त्यांनी चौदा फरक सांगितले. आवाजाचे, वासाचे, तेलाच्या रंगाचे. सांगताना त्यांनाच नवल वाटत होतं. तसा चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही. ग्रिडमधले दोन रकाने तेव्हा रिकामे राहिले. उद्या भरू म्हटलं होतं.

तुला पद्धत सांगायची होती आणि मी आप्पांवर गेले. असू दे.

दुसरी गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नंतरच्या एका कामात मी नियम लिहिला: कंपन वाढलं आणि तापमानही वाढलं, तर मशीन थांबवा. तिथल्या जाणत्याने मान डोलावली. पण मशीन चालू करताना थोडा वेळ दोन्ही वाढणारच. ते त्याला इतकं उघड होतं की सांगावंसं वाटलं नाही, आणि मी विचारलं नाही. रोज सकाळी सिस्टिम "थांबवा" म्हणायची. माणसांनी तिच्याकडे बघणं सोडलं. एका दुपारी ती खरं बोलत होती, तेव्हाही कुणी बघितलं नाही. शिफ्टवरच्या एका माणसाची दोन बोटं गेली. माझ्यावर कुणी ठपका ठेवला नाही. पण नियम माझ्या अक्षरात होता.

तुझ्या नियमांच्या टोकाला बोटं नाहीत ओवी, रुग्ण आहेत.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. कदाचित त्यासाठीच लिहितेय. क्षमा कर.

जुनं म्हणून टाकू नयेत अशा दोन गोष्टी सांगते आणि थांबते. रँडल डेव्हिस यांनी 1976 मध्ये स्टॅनफर्डला, जंतुसंसर्गावर औषध सुचवणाऱ्या मायसिन या सिस्टिमसाठी, टायरेसिअस नावाचा प्रोग्रॅम केला. निष्कर्ष चुकला की ते डॉक्टरला एकेक नियम मागे नेत विचारायचं, यातला कुठला पटत नाही? नवा नियम सांगितला की त्याच्या भावंडांशी ताडून बघायचं: अशा बहुतेक नियमांत अमुक गोष्टीचाही उल्लेख असतो, इथे राहिला का? राहिलेलं यंत्रच विचारायचं. हा प्रश्न तुझ्या वहीत हवा होता.

दुसरे पॉल कॉम्प्टन. सिडनीत थायरॉइडच्या रिपोर्टांची सिस्टिम सांभाळताना त्यांच्या लक्षात आलं की तज्ज्ञ आपण विचार कसा केला ते सांगत नाही, समोरच्या केसपुरतं समर्थन करतो. म्हणून त्यांच्या रिपल डाउन रूल्स या पद्धतीत जुन्या नियमाला हात लावत नाहीत. चूक दिसली की अपवाद त्याच्याखाली टांगायचा, ज्या केसमुळे सुचला त्या केससकट. तज्ज्ञाला एवढंच विचारायचं, ही केस आणि ती केस, फरक काय? तुझे डॉक्टर याचं उत्तर देतील. "नियम सांगा" म्हटलंस तर पुस्तकातलंच सांगतील.

तू प्रोटेजेमध्ये, त्या ज्ञान मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बांधलेली मांडणी मी भांडणाच्या रात्री नीट बघितली नाही, नुसती बोलत सुटले. नंतर पुन्हा उघडली. औषध, रुग्णाची स्थिती आणि डोस वेगळे ठेवून जोडलेस, ते मला तुझ्या वयात जमलं नसतं. हे तोंडावर म्हणायला हवं होतं.

आणि त्या डॉक्टरांना दुपारी थकवू नकोस. शेवटचे महिने आहेत त्यांचे तिथे. आपलं सगळं काढून घेतात आणि आपल्याला घरी पाठवतात, असं आप्पांना एकदा वाटलं होतं. त्यांच्याबरोबर वॉर्डात जा, प्रश्न न विचारता, आणि ते कुणाकडे दुसऱ्यांदा बघतात ते लिहून ठेव.

वही कुरियरने पाठवतेय. शेवटच्या पानावर आप्पांची ग्रिड चिकटवली आहे, दोन रिकाम्या रकान्यांसकट. पोचली की कळव. भांडण फोनवर पुरं करू.

तुझी,
आई