बाबांच्या पोटरीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा फोनवर म्हणाले, "काही नाही गं, जरा चमक भरलीय." पण मागून आई म्हणाली, "भिंत धरून चालताहेत." तेव्हापासून जिवाला चैन नाही.

आई, आज-उद्या मालिश नको, गरम शेकही नको. स्नायू ताणतो तेव्हा आतले बारीक तंतू फाटतात, थोडं रक्त साकळतं. चोळलं की ते वाढतं. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेव, दिवसातून तीन-चार वेळा. बाबांची कातडी आता नाजूक झालीय, म्हणून मधेमधे फडकं उचलून बघत जा. क्रेप बँडेज पावलाकडून वर गुडघ्याकडे बांध. बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल कर. झोपताना पायाखाली उशा दे.

बाबा, पूर्ण बरं वाटेपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही, असं तुम्ही ठरवलंय म्हणे. मला खरी काळजी याचीच वाटते. तुमच्या वयात पडून राहिलं की मांड्या-पोटऱ्यांची ताकद भराभर जाते आणि परत यायला फार वेळ लागतो. दोन दिवस पाय जपा. मग पडल्या पडल्या पाऊल हळूच वर-खाली हलवा, नुसती ओढ जाणवेल इतकंच. नंतर घरातल्या घरात चाला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा, भार खरंच कमी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. साधा ताण दोन-तीन आठवड्यांत बरा होतो, पण दुखणं आधी जातं आणि ताकद मागून येते. म्हणून ओट्याला धरून दोन्ही टाचा सहज उचलता येईपर्यंत जिना चढायची घाई करू नका.

गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल. तुमची रक्तदाबाची औषधं चालू आहेत, तेव्हा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि एक खरं सांगा, लचकताना 'टक' असा आवाज आला होता का? आला असेल आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर आजच डॉक्टरांकडे जा. पोटरी सुजत चालली, लाल किंवा गरम लागली, तरी त्याच दिवशी दाखवा. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा, माझ्या फोनची वाट बघू नका.

शनिवारी मी येतेच आहे. तोवर माळ्यावरचं काहीही काढायला दोघांनीही स्टुलावर चढू नका.

तुमची,
लेक