हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमधल्या ताईंना, जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या रिपोर्टाखाली सही पॅथॉलॉजिस्टची असते आणि पेढे घेऊन नातेवाईक येतात ते सर्जनकडे. तुमच्यापर्यंत कोणी येत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहोत. वाचणाऱ्यांत म्हापशापासून काणकोणापर्यंतचे ऑपरेशन थिएटरवाले असतील, तर त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

जठराच्या भिंतीतली जिस्टची (पचनमार्गाच्या भिंतीतून वाढणारी) गाठ असो की आतड्यातली न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची) गाठ, तिचं नाव सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं. पण ते ठरवण्याजोगं काही शिल्लक राहील की नाही, हे त्याच्या कितीतरी आधी बरणीत ठरून गेलेलं असतं. सलाईनमध्ये आलेला तुकडा, स्पिरिटमध्ये आलेला तुकडा, अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेला आणि कडक झाल्यावर बाहेरच न निघणारा तुकडा, हे सगळं तुम्ही निस्तरता. गाठीच्या किमान दहापट फॉर्मेलिन, म्हणजे तुकडा सडू न देणारं द्रावण, हवं, हे तुम्ही प्रत्येक वॉर्डबॉयला न चिडता सांगता. तेही साधं पाणी मिसळलेलं नव्हे. १०० मिली फॉर्मल्डिहाइड, ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, त्यात ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. हे दोन क्षार टाळले की द्रावण आंबट होत जातं, पेशींवर तपकिरी कण बसतात आणि डीएनएचे तुकडे पडतात. मग जिस्टमध्ये पाहावी लागते त्या केआयटी जनुकाची तपासणी करायला हाती काही उरत नाही.

मोठी गाठ अखंड बुडवली तर फॉर्मेलिन आतपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. बाहेरून घट्ट, आतून सडकी. म्हणून आली की आधी मोजायची, कडांना शाई लावायची आणि सेंटिमीटरभराच्या अंतराने काप देऊन मगच बुडवायची. तुमच्या टेबलावर हा क्रम चुकत नाही. आणि त्याला कारण आहे. जठरातली ७ सेंटिमीटरची जिस्ट घ्या. ५ चौरस मिलिमीटरमध्ये विभाजन होत असलेल्या पेशी पाचपर्यंत असल्या तर गाठ परत येण्याचा धोका कमी, त्याहून जास्त असल्या तर धोका मोठा. मोठा धोका म्हणजे इमॅटिनिब हे औषध रोज ४०० मिलिग्रॅम, साधारण ३ वर्षं. सडलेल्या पेशीतलं आकसलेलं केंद्रक विभाजनासारखंच दिसू शकतं, आणि खरं विभाजन ओळखू येईनासं होतं. हा आकडा मोजतात पॅथॉलॉजिस्ट, पण मोजता येण्याजोगा ठेवता तुम्ही. काप ३ ते ४ मायक्रॉनचा, तोही सुरकुती न पडता. जाड कापात पेशीवर पेशी चढते आणि मोजणी फसते.

एंडोस्कोपीतून येणाऱ्या बारीक तुकड्यांबद्दल तर वेगळेच आभार. मिरीच्या दाण्याएवढा ऐवज. एच-ई या नेहमीच्या रंगाची स्लाइड कापतानाच तुम्ही आठ-दहा कोऱ्या स्लाइड काढून ठेवता. तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक एकदा उतरवून पुन्हा मायक्रोटोमवर, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्रावर, चढवला की पातळी जुळवताना बरेच काप वाया जातात, आणि वाढत्या पेशी दाखवणारा केआय-६७ स्टेन लावायच्या वेळी नेमकी गाठच संपलेली असते. न्यूरोएंडोक्राइन गाठीत अशा रंगलेल्या पेशींचा आकडा ३ टक्क्यांखाली असला तर पहिली श्रेणी, २० पर्यंत दुसरी, त्यावर तिसरी. तो ५०० पेशींत तरी मोजावा लागतो. तेवढ्या पेशीच नसल्या तर नुसता अंदाज उरतो.

आणि मास्ट पेशी! सीडी-११७ हा जिस्ट ओळखायचा स्टेन, जो मास्ट या साध्या पेशींनाही रंगवतो. त्याची स्लाइड ‘निगेटिव्ह’ म्हणून पुढे ढकलण्याआधी आजूबाजूच्या मास्ट पेशी तपकिरी झाल्या आहेत का, हे तुम्ही स्वतः पाहता. त्या रंगल्या नसतील तर गाठीला काही म्हणण्यात अर्थ नाही, स्टेनच फसला आहे. तुकडा फॉर्मेलिनमध्ये गरजेपेक्षा जास्त राहिला असेल किंवा स्टेनआधी काप ज्या द्रावणात तापवतात तो बफर नीट तापला नसेल. चवथीच्या सुट्ट्यांत बरण्या ७२ तासांच्या पुढे जाऊ नयेत म्हणून त्यांतले तुकडे तुम्ही आधीच प्रोसेसरवर, म्हणजे ते मेणासाठी तयार करणाऱ्या यंत्रावर, चढवता, हे आम्हाला ठाऊक आहे. मास्ट पेशी रंगल्या आणि तरीही गाठ कोरी राहिली, तर जिस्टचाच दुसरा स्टेन, डॉग-१, लावायचा. जिस्टमधल्या साधारण पाच टक्के गाठी सीडी-११७ ला दाद देत नाहीत. त्यानंतर डेस्मिन आणि एस-१०० हे स्टेन, म्हणजे स्नायूची गाठ की नसेच्या आवरणाची, ते कळतं. ‘स्पिंडल सेल ट्यूमर’ (लांबट पेशींची गाठ) एवढंच लिहून हात झटकलेले रिपोर्ट आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यावर औषध ठरत नाही.

मुंबईत परळला टाटा कर्करोग रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाच्या हाती तुम्ही नुसत्या स्लाइड न देता ब्लॉक देता आणि तो उन्हात ठेवू नका म्हणून बजावता, तेही महत्त्वाचं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मेण मऊ पडायला वेळ लागत नाही.

आमच्याकडून आता इतकं नक्की: गाठ काढल्याची वेळ बरणीवर लिहू, फॉर्मवर ‘गाठ’ एवढंच न खरडता जागा, माप आणि सीटीत काय दिसलं ते लिहू, आणि शनिवारी दुपारी लॅब बंद व्हायच्या तोंडावर मोठा नमुना पाठवायचा असेल तर आधी फोन करू. फॉर्मेलिनची वाफ कर्करोगकारक आहे. गाठी कापायच्या (ग्रॉसिंग) टेबलावरचा एक्झॉस्ट बंद पडला की तुम्ही नुसता मास्क लावून काम उरकता, ते करू नका. आम्हाला कळवा, त्या दिवशीचे नमुने आम्ही थांबून पाठवू, आणि दुरुस्तीच्या अर्जावर सह्या आमच्याही असतील.

आपले,
गोव्यात पोटाच्या शस्त्रक्रिया आणि एंडोस्कोपी करणारे काही डॉक्टर