विनोद सगळे आले, सांगणारा कुठे गेला?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कादंबरीवरून तू केलेल्या नाटकाची संहिता मिळाली आणि एका बैठकीत वाचून काढली. फोनवर बोललो असतो, पण काही गोष्टी तू सावकाश, पेन्सिल हातात घेऊन वाचाव्यास असं वाटलं. कादंबरीतला जवळपास एकही विनोद तू गाळलेला नाहीस आणि संवाद चोख उतरलेत. तरी पहिला अंक संपेपर्यंत मला मूळ पुस्तकाची आठवण येत राहिली. विनोद सगळे आलेत, ते सांगणारा माणूस मात्र मागेच राहिलाय.

चेक लेखक हाशेकची पहिल्या महायुद्धातल्या श्वेइक नावाच्या सैनिकावरची विनोदी कादंबरी तुला जवळजवळ पाठ आहे, म्हणून तिचंच उदाहरण घेतो. श्वेइकच्या कामवाल्या मुलरबाई येऊन सांगतात, आपल्या फर्डिनांडला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या युवराजाला, मारलं. साऱ्या युरोपला युद्धात लोटणारी बातमी! श्वेइक गुडघ्याला मलम चोळत विचारतो, कुठला फर्डिनांड? त्याला दोन ठाऊक असतात. एक औषधांच्या दुकानातला नोकर, चुकून केसांच्या तेलाची बाटली प्यायलेला. दुसरा कुत्र्यांची घाण गोळा करणारा. दोघांपैकी कोणीही गेला तरी काही बिघडत नाही, असं त्याचं मत. नुसता प्रश्न आणि उत्तर उचललंस तर एक बरा विनोद हाती लागेल, बस. खरी गंमत त्या मलम चोळण्यात आहे. बातमी केवढी, आणि हात आपले गुडघ्यावर फिरताहेत! पुस्तकात हे निवेदक एका वाक्यात उरकतो. रंगमंचावर ते नटाच्या हाताला करावं लागतं, आणि ते संहितेत तूच लिहायला हवंस.

1928 साली बर्लिनमध्ये जर्मन दिग्दर्शक पिस्काटोरने हीच कादंबरी रंगभूमीवर आणली. त्याच्याकडे आधी आलेलं रूपांतर माक्स ब्रोड आणि हान्स राइमान यांचं होतं, नेहमीच्या फार्सच्या वळणाचं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि नाटककार ब्रेश्टसकट काही जणांना घेऊन पुन्हा मूळ पुस्तकाकडे गेला. त्या पुस्तकात माणूस चालतोय, चालतोय, आणि कुठे पोचत नाही. मग पिस्काटोरने रंगमंचावर सरकते पट्टे बसवले. श्वेइक करणारा नट पालेनबर्ग एका पट्ट्यावर तिथल्या तिथे चालत राहायचा. माणसं आणि देखावे दुसऱ्या पट्ट्यावरून त्याच्यासमोर यायचे आणि निघून जायचे. मागे चित्रकार ग्रोसची चित्रं पडद्यावर. निवेदकाची चाल अशी यंत्राने उचलली! मला हे रूपांतराचं सर्वांत धाडसी उदाहरण वाटतं. तुला पट्टे बसवायला सांगत नाहीये. तुझ्या कादंबरीची चाल कोणती, एवढं आधी ठरव.

कादंबरीवरून सिनेमा करण्याचं तू विचारलं होतंस. 1955 मध्ये चेक दिग्दर्शक त्रन्काने श्वेइकचा बाहुलीपट केला, त्यात निवेदन यान वेरिख या नटाच्या आवाजात ठेवलं. तिथे ते शोभतं, कारण बाहुलीचा चेहरा बदलत नाही आणि आवाजाला मोकळी जागा मिळते. पुढच्याच वर्षी स्टेक्लीच्या चित्रपटात श्वेइक म्हणून ह्रुशिन्स्की आला, हाडामांसाचा नट. अशा नटाच्या डोक्यावर तू पार्श्वनिवेदन लादू नयेस असं माझं ठाम मत आहे. जे चेहऱ्यावर दिसतंय तेच कानावर पडलं की हशा जिरतो. शिवाय कॅमेऱ्याकडे रंगभूमीला न मिळणारी एक सोय आहे: लांबण लावणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्याकडे वळता येतं. श्वेइकची गोष्ट संपत नाही आणि समोरचा अधिकारी आतल्या आत उकळतोय. हसू तिथे आहे.

मालिकेचं नंतर बघू, पण एक आत्ताच सांगून ठेवतो. निर्माता ध्वनिमुद्रित हशा घालायला सांगेल, तेव्हा नाही म्हण. युद्धातल्या लष्करी इस्पितळावरच्या अमेरिकन ‘मॅश’ची कादंबरी 1968 ची, चित्रपट 1970 चा आणि मालिका 1972 पासूनची. मालिका घडवणाऱ्या लॅरी गेल्बार्टला तो हशा नको होता, वाहिनीला हवा होता. शेवटी शस्त्रक्रियेच्या खोलीतले प्रसंग तेवढे हशाशिवाय ठेवायचे ठरले. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका हशा काढूनच दाखवली. तसे भाग पाहिलेस तर तीच वाक्यं किती थकलेल्या माणसांची आहेत ते कळतं. कुठे हसायचं आणि कुठे गप्प व्हायचं, हे प्रेक्षकाला आपलं आपल्याला ठरवू द्यावं.

आता तुझा दुसरा प्रवेश. काकांची रेल्वेची गोष्ट तू निम्म्याने छाटलीस, वेग यावा म्हणून. ती पुन्हा पूर्ण कर. काका भरकटतात म्हणूनच ते काका आहेत; त्यांना मुद्द्यावर आणलंस की ते कोणीही होतात. छाटायचंच असेल तर पुतण्याची उत्तरं छाट. त्याला नुसतं दाराशी उभं ठेव, एक पाय चपलेत, आणि गोष्ट संपायची वाट पाहू दे. तिसऱ्या प्रवेशातली पत्रं वाचून दाखवणं मात्र सरळ काढून टाक, तिथे पुस्तक नुसतं मोठ्याने वाचल्यासारखं होतंय.

हा दुसरा प्रवेश आधी लिही आणि तालमी लागायच्या आत मला पाठव. काका कोण करतोय तेही कळव. नटाचा आवाज ठाऊक असला की वाक्यांच्या लांबीबद्दल नीट बोलता येईल.

तुझा,
विनायक