उजवीकडून डावीकडे वाचणारे हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगावच्या सिंधी कॉलनीत दर रविवारी एका ओट्यावर सतरंजी टाकून आम्ही चार-पाच जण बसतो. पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांचे दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे, नागरिकत्वाचे अर्ज भरून देतो. मी निवृत्त शिक्षिका, मराठी-इंग्रजी सांभाळते. पण खरं काम करतात ते स्वतः त्या वाटेने आलेले लोक.

आमचे दादा १९४७ साली नऊ वर्षांचे होते, सिंधमधल्या शिकारपूरहून आले. अरबी लिपीतली सिंधी आमच्यात फक्त त्यांना वाचता येते. परवा एका मुलीचा शाळेचा दाखला आला, घडीवर फाटलेला. दादांनी भिंग धरलं, उजवीकडून डावीकडे बोट सरकवत नेलं आणि वडिलांच्या नावाशी थांबले. या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. 'किशनचंद' की 'किशिनचंद', हे वाचणाऱ्यालाच ठाऊक हवं. या एका वेलांटीपायी तिचा अर्ज एकदा परत आला होता.

३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी मार्च २०२४ मध्ये नागरिकत्वाचे जे नियम निघाले, त्यांत तिकडचा शाळेचा किंवा जन्माचा दाखलाही पुरावा म्हणून धरतात. म्हणजे हे जुने कागद आता सोन्याच्या मोलाचे आहेत.

२०१२ साली आलेली एक ताई फॉल-पिको करून घर चालवते आणि रविवारी नव्या बायकांजवळ बसते. शेजारणींकडून ती अहिराणी शिकली. माझी गडबड उडाली की म्हणते, "ताई, घाबरू नका, मी शे ना."

गेल्या महिन्यात दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीन रविवार पिशवीतले कागद पिशवीतच राहिले. तेव्हा मेहरूणहून उर्दूचे एक निवृत्त सर आले. उर्दूचे दाखले त्यांनी भराभर वाचले, सिंधीशी अडले; तिची अक्षरं ५२. आता दादा डोळ्यांवर काळा चष्मा लावून त्यांना शिकवतात. 'ब'खाली एकाखाली एक दोन टिंबं आली की तो 'ॿ', श्वास आत ओढून म्हणायचा सिंधीतला खास 'ब'. 'ॿार' म्हणजे मूल.

जळगाव, भुसावळ, धुळ्यात उर्दू शाळांचे कितीतरी शिक्षक आहेत, आणि सिंधी घरांत ही लिपी येणारे ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा. त्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. नातवंडांनाही सोबत आणावं, कारण दादा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. आम्ही नऊ ते बारा बसतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जळगाव