अब्रुझी : केटूच्या पलीकडचा माणूस

संपादक महोदय,

जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराविषयी, केटूविषयी, लिहिताना ‘अब्रुझी स्पर’ या चढाईच्या डोंगरधारेचा उल्लेख हमखास येतो, पण जिच्यावरून तिला नाव मिळाले तो अब्रुझीचा ड्यूक, इटलीचा राजपुत्र लुइजी आमेदेओ, ध्रुवीय संशोधकही होता, हे राहून जाते.

१८९७ मध्ये त्याने अलास्कातील ५४८९ मीटर उंच माउंट सेंट इलायस प्रथम सर केला. १८९९ मध्ये तो ‘स्टेला पोलारे’ जहाजाने आर्क्टिकमधील फ्रान्झ जोझेफ लँड या द्वीपसमूहाला गेला. हिमदंशामुळे त्याच्या दोन बोटांचे काही भाग कापावे लागले, त्यामुळे उत्तर ध्रुवाकडची कुत्र्यांच्या स्लेजची मोहीम त्याचा सहकारी उंबेर्तो कान्यीने नेली. रसद वाहणाऱ्या तुकड्या टप्प्याटप्प्याने परत पाठवायच्या, अशी योजना होती. त्यातली तिघांची पहिली तुकडी परतलीच नाही. कान्यीने २५ एप्रिल १९०० रोजी ८६ अंश ३४ मिनिटे उत्तर अक्षांश गाठला, आधीचा विक्रम करणाऱ्या नॉर्वेच्या नान्सेनच्या थोडे पुढे. खरी परीक्षा परतीची! पायाखालचा बर्फच पश्चिमेकडे वाहत होता. त्यामुळे कितीही चालले तरी तळाची दिशा बाजूला पडायची. अन्न संपत आले तेव्हा कुत्रे मारून खावे लागले. एकूण १०४ दिवस लागले.

१९०९ मध्ये केटूवर सुमारे ६२५० मीटरवरून माघार घेतल्यावर त्याच भागातील चोगोलिसा शिखरावर तो सुमारे ७५०० मीटरपर्यंत गेला. शिखर हुकले ते खराब हवामानामुळे. तरी हा उंचीचा विक्रम १९२२ पर्यंत टिकला.

– एक वाचक