फोनवर न सांगितलेलं

राय, सासष्टी, गोवा
१० ऑगस्ट

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

आई, रविवारी तू फोनवर विचारलंस, "जेवतेस ना नीट?" आणि मी म्हणाले, "हो, मजेत आहे." बाबांनी विचारलं, "झोप लागते का?" त्यालाही हो म्हटलं. दोन्ही उत्तरं खरी नव्हती. मागून तुझ्या खोकल्याचा आवाज येत होता, मग मला पुढं काही सांगवेना. म्हणून हे पत्र लिहायला बसले. बाबांचा चष्मा सापडला की सावकाश वाचा.

नगरला तुम्ही मला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसवलंत, तिथपासून सांगते. लोंढ्यापर्यंत मी ठीक होते. घाट सुरू झाला आणि पावसानं खिडकीबाहेरचं सगळं पुसून टाकलं. दूधसागरपाशी डब्यातले लोक उठून दाराशी गेले, मीही गेले. एवढं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आपल्याकडे टँकरच्या मागे हंडा घेऊन पळालेली मी, मला तो धबधबा बघून आनंद होण्याऐवजी रडूच आलं. हे पाणी इथे असंच वाहून जातंय आणि आमच्या विहिरीचा तळ दिसतोय, असं मनात आलं.

पहिले दहा-बारा दिवस झोप अशी लागलीच नाही. रात्रभर कौलांवर पाऊस. तो थांबला की माडांचा आवाज, तोही पावसासारखाच, त्यामुळे पाऊस थांबलाय हे कळतच नाही. अंथरूण दमट, अंगावरचे कपडे दमट, बायबलची पानंसुद्धा फुगलेली. आम्ही सिस्टर म्हाताऱ्या माणसांना सांभाळतो त्या आमच्या या घरात आजी-आजोबा धरून बावीस माणसं आहेत आणि रात्रीतून कुणी ना कुणी हाक मारतंच. हाक कळायची, पण तिचा अर्थ कळायचा नाही.

एक गोष्ट सांगते, मनाला फार लागून राहिली आहे. इथे एक आजी आहेत, सगळे त्यांना शामाय म्हणतात. सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांत आजीला शामायच म्हणतात. ऐंशी ओलांडलेल्या आहेत. मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मला म्हणाल्या, "म्हाका शीत जाय." मला वाटलं, त्यांना थंडी वाजतेय. मी खिडकी लावली, पायांवर घोंगडी घातली, वरून आणखी एक चादर. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. मी त्यांचे तळवे चोळत बसले. मग त्या गप्प झाल्या. तासाभरानं दुसऱ्या सिस्टर आल्या तेव्हा कळलं की शीत म्हणजे जेवायचा भात आणि जाय म्हणजे हवा. सकाळी त्यांनी काही खाल्लं नव्हतं, त्यांना भूक लागली होती. आई, आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो, तेच हे शीत. आणि भात म्हणजे इथे सालीसकटचं साळीचं धान्य. एक ऐंशी वर्षांची बाई भूक लागली म्हणून सांगत होती आणि मी तिला पांघरूण घालत होते. त्या रात्री मला अन्न गेलं नाही.

तेव्हापासून एक वही केली आहे. रोज दहा शब्द. माझी खरी अडचण प्रार्थनेत होते. इथल्या चर्चमध्ये मिस्सा कोकणीत असते आणि पुस्तकं रोमन लिपीत छापलेली. त्यात एक्स हे अक्षर आलं की 'श' वाचायचं. लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थना मी आता पहिलीतल्या मुलीसारखी बोट ठेवून वाचते. 'आमच्या बापा' एवढे दोन शब्द मात्र आपल्यासारखेच आहेत. ते आले की मी मोठ्यानं म्हणते.

जेवणाचं विचारलं होतंस. उकड्या तांदळाचा जाड लालसर भात आणि माशाची कढी. मी आले तेव्हा मासेमारी बंद होती. ३१ जुलैपर्यंत बोटी बाहेर जात नाहीत, त्यामुळे सुकी मासळी आणि लोणचं. ऑगस्ट लागला, बांगडे आले, आणि त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बघायला हवे होते! तिरफळाच्या वासानं एक आजोबा काठी न घेता स्वयंपाकघरापर्यंत चालत आले. मला अजून मासा नीट जमत नाही, काट्यांची भीती वाटते. पण सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो, त्याच्याकडे कोंड्याची पोई मिळते. ती गरम असताना तोडली की भाकरीची थोडी आठवण येते. थोडीच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

बाबा, तुम्ही लहानपणी पाहिलेल्या गोऱ्या फादरांच्या गोष्टी आम्हाला सांगायचात. जर्मनीहून, स्वित्झर्लंडहून नगर जिल्ह्यात आलेले, सायकलवर वस्त्या फिरणारे, मराठी बोलताना 'ळ' न जमणारे. मिशनरी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तेच यायचे. दुसऱ्याच्या गावी येऊन त्यांना पहिल्या रात्री काय वाटलं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आता पडतो.

इथून रायतूर जवळ आहे. जुवारी नदीच्या काठी, १६१० सालापासूनची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, टेकडीवर उभी आहे. तिथल्या छापखान्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. जवळजवळ ११ हजार ओव्या, भाषा मराठी, आणि लिहिणारा इंग्रज. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापावं लागलं. त्यात त्यांनी मराठीला फुलांतली मोगरी म्हटलंय, पाखरांतला मोर म्हटलंय. आई, तू जात्यावर जी म्हणायचीस ती ओवी, आणि चारशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडून आलेला माणूस येशूचं चरित्र सांगायला ओवीच धरतो! मी ते पुस्तक आता देवनागरीत वाचते आहे. बाबा, तुम्ही टाळ घेऊन रेव्हरंड टिळकांची पदं म्हणता ना, त्याच चालीत काही ओव्या म्हणून पाहिल्या. बसतात.

पण मला जास्त जवळचं वाटलं ते त्यांचं एक पत्र. स्टीफन्स तिशीचे होते. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनला वडिलांना पत्र लिहिलं. सुरुवातीलाच वडिलांचा आशीर्वाद मागितलाय आणि आईला नमस्कार कळवलाय. पुढं सगळा समुद्र. वारा कुठं पडला, हिरड्या सुजून माणसं कशी आजारी पडली, जहाजावर दीडशेहून जास्त आजारी होते आणि २७ दगावले. जमीन जवळ आल्याची खूण म्हणून आधी पक्षी दिसले, मग माडाच्या फांद्या, मग पाण्यावर पोहणारे साप. हे सगळं बारकाईनं. आणि गोव्यात उतरल्यावर? लोकांनी प्रेमानं घेतलं, इथली झाडं आपल्याकडच्यासारखी नाहीत, प्यायला पाणी चांगलं आहे किंवा माडाचं पेय. बाकी पुन्हा कधी लिहीन. संपलं.

मी ते तीनदा वाचलं. झोप लागत होती का, एकटं वाटत होतं का, यातलं एक अक्षर नाही. त्यांची आई ते पत्र ऐकताना काय शोधत असेल, ते मला लगेच कळलं. वादळाचं सांगितलं, कारण ते संपलं होतं. जे चालू होतं ते नाही सांगितलं. मी फोनवर तेच करत होते. दूधसागर सांगितला, उशीवर रडले ते नाही सांगितलं. ते पुन्हा मायदेशी परतले नाहीत. चाळीस वर्षं इथेच राहिले, १६१९ मध्ये इथेच गेले. माझं तसं नाही, मी एका रात्रीच्या गाडीवर आहे. तरीही पहिले दिवस पहिलेच असतात.

आणखी एक सांगायचं आहे, बाबांना विशेष. आमच्याकडे दिवसपाळीला एक नर्स येतात, कवळ्याच्या, फोंडा तालुक्यातल्या. घरी कोकणी बोलतात, पण वाचणं-लिहिणं मराठी. त्यांच्या पिशवीत मराठी वर्तमानपत्र असतं, ते त्या दुपारी माझ्यासाठी ठेवून जातात. मला आईची आठवण आली की मी त्यांच्याशी मराठीत बोलते. एकदा मी सहज विचारलं, तुमची शांतादुर्गा कवळ्याचीच का? त्या म्हणाल्या, नाही, ती मूळची त्या काळच्या सासष्टीतल्या केळशीची. पोर्तुगीजांनी देवळं पाडली तेव्हा लोक रातोरात देवीला घेऊन नदीपलीकडे गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण मला मान वर करवेना. स्टीफन्स आले त्याच्या अवघी काही वर्षं आधीची ही गोष्ट. मला हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. ज्या नावानं मी इथे आले आहे त्याच नावानं इथे कुणाचं तरी घर-देऊळ गेलंय, हे मला माहीत असायला हवं. त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली फणसाची भाजी वाढली आणि त्या कामाला लागल्या. त्या दिवसापासून मी ठरवलंय, मी इथे आधी ऐकीन. निदान वही भरेपर्यंत तरी.

स्टीफन्सही ऐकत होते, असं मला वाटतं. १५८३ मध्ये त्यांनी भावाला लिहिलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्यांनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण ते गेल्यावर, १६४० मध्ये, रायतूरलाच छापलं. आल्यापासून चारच वर्षांत भाषांची ठेवण एवढी कळायला माणूस किती जणांच्या ओसरीवर बसला असेल!

शामायचं राहिलं. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. इथल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत, घरांना कुलपं आहेत. स्विंडन कुठं, म्हणून मी पाहिलं, तर ते विल्टशरमध्ये. आणि स्टीफन्स जन्मले ते बुश्टन गावही विल्टशरमधलंच. तिकडचा एक मुलगा इकडे आला तेव्हा त्याची आई तिकडे राहिली, आणि आता इकडचा मुलगा तिकडे गेलाय आणि आई इकडे आहे. मी कितीतरी वेळ नकाशाकडे बघत राहिले.

दर रविवारी साडेचारच्या सुमारास त्याचा फोन येतो. फोन मी धरते, कारण शामायचा हात थरथरतो. तो विचारतो, "जेवली गो?" आणि त्या म्हणतात, "हांव बरी आसां. तूं बेजार जावं नाका." आदल्या रात्री त्या पायाच्या दुखण्यानं कण्हत होत्या, मी तेल चोळत होते. फोनवर बरी आसां. तोही बरा असतो. रात्रपाळी करून आलेला असतो, आवाजावरून कळतं. दोघंही बरे. फोन ठेवला की त्या किती तरी वेळ माझ्या हातातला मोबाइल बघत बसतात.

शनिवारी मी त्यांना न्हाऊ घातलं. केस अगदी पातळ झालेत, पण लांब आहेत. मी पाठीमागे बसून पुसत होते आणि एकदम आई, तुझी वेणी आठवली. तुझा हात आता डोक्यामागे जात नाही, असं ताई म्हणाली होती. मग तुझे केस कोण विंचरतं? मी परक्या आईचे केस विंचरायला सहाशे किलोमीटर आले आणि माझ्या आईचे केस कोण विंचरतं, हे मला माहीत नाही. व्रतं घेतली तेव्हा मी देवाला हो म्हटलं, ते आजही खरं आहे. मला परत यायचं नाही. पण हा प्रश्न मनातून जात नाही आणि तो तुमच्यापासून लपवायचा नाही, एवढं मी ठरवलंय. शामायनं माझा हात धरला आणि म्हणाल्या, "देव बरें करूं, बाय." मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बोलले काही नाही, शब्दही येत नव्हते, ना कोकणीत ना मराठीत.

५ तारखेला इथे कणसांचं फेस्त झालं. रायच्या चर्चमधून पाद्री शेतात जातात, नव्या भाताची कणसं आशीर्वादित करून कापतात आणि ती वाजतगाजत चर्चमध्ये आणतात. मग प्रत्येक घर एक-एक कणीस नेतं, देव्हाऱ्यापाशी लावतं. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपण सगळे बैलगाडीतून जायचो, ते दिवस डोळ्यांपुढं आले. या सप्टेंबरला बाबा, तुम्ही एकटे गर्दीत जाऊ नका, ताईच्या मुलाला बरोबर घ्या.

आता झोप जरा लागते. परवा पहिल्यांदा रात्री कुणाची हाक एका फटक्यात कळली: "उदक." पाणी. आपण हा शब्द पूजा-प्रार्थनेतच वापरतो, इथे तो तहान लागलेलं माणूस म्हणतं. मी उठून पेला भरून दिला.

पाकिटात भाताचं एक कणीस घातलंय. पावसात कुजू नये म्हणून चुलीवर दोन दिवस धरलं होतं. मारियेच्या तसबिरीपाशी लावा. आणि उत्तर फोनवर नको, पत्रानं द्या. आईची साखर किती आली ते आकड्यानिशी लिहा. बाबांच्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले ते लिहा. श्रीरामपूरला दवाखान्यात आईला कोण नेतं, आणि तिची वेणी कोण घालतं, तेही लिहा. "आम्ही मजेत आहोत" असं लिहिलंत तर मी ते पत्र परत पाठवीन.

तुमचा आशीर्वाद असू द्या.

तुमची,
धाकटी